पास्कूदादाचा दुसरा परदेश

आमच्या सांडोर गावावरून विमान गेलं की पास्कूदादा केळीच्या आळ्यात कंबर सरळ करायचा, कपाळावर आडवा हात धरायचा आणि ते कुठं चाललंय ते जाहीर करायचा. "मस्कतचं." थोड्या वेळानं दुसरं यायचं. "हे पन मस्कतचं." मग म्हणायचा, "जा बाबा, सांभाळून जा. आपल्याला केळींना पानी द्यायचंय," आणि पुन्हा वाकायचा.

आमचं कुंपण एकच. मी शाळेत शिकवते म्हणून तो मला बाई म्हणतो. तरुणपणी तो मस्कतला नोकरीला होता आणि तिथं असतानाच त्याचे वडील वारले. तो गावी पोचेपर्यंत चर्चच्या आवारातल्या कबरीवरची फुलंसुद्धा सुकली होती. तो परत गेलाच नाही. पासपोर्ट संपला, तोही नवा केला नाही. कुणी छेडलं तर म्हणायचा, "मी समुद्रापार गेलो की घरातलं मानूस जातं. माझा पायगुनच तसाय." बोलायचा हसत, पण भीती खरी होती. घरात आता नव्वदीला टेकलेली आई होती. सगळी आळी तिला मायच म्हणते.

गेल्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या लेकीला मुलगा झाला. बाप्तिस्म्याला आईबाबा हवेतच, म्हणून ती हटून बसली. दादानं नाना सबबी काढल्या. शेवटी मायनंच त्याला फैलावर घेतलं. "माझ्या मरनाची वाट बघत वाडीत बसलायस काय? जा. तू येईपर्यंत मी काय मरत नाय."

दादावहिनी निघाले आणि मी मायच्या सोबतीला राहायला गेले. त्यांच्या घरी संध्याकाळची रोझरीची प्रार्थना झाली की धाकटे डोकं वाकवतात आणि माय अंगठ्यानं प्रत्येकाच्या कपाळावर आशीर्वादाचा क्रूस काढते. मस्कतहून आल्यापासून दादानं हे कधी चुकवलं नव्हतं. म्हणून रोज रोझरीनंतर मी व्हिडिओ कॉल लावायचा, असं ठरलं.

ते तिकडं पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी फोन मायच्या हातात देऊन मी कालवण गरम करायला आत गेले. शाळेच्या सवयीनं माझ्या फोनचा आवाज बंद असतो. मायला जेवायला वाढून फोन उचलला, तर मिस्ड कॉलची रांग लागलेली. लावला. दादाचा आवाज ओळखू येईना.

"बाई, खरं सांगा. माय गेली ना? बोलता बोलता फोन तुटला. मी ब्याग भरतोय."

"अहो दादा, माय जेवतेय. दुसऱ्यांदा भात घेतलाय."

मी मायला विचारलं, फोन कशानं बंद झाला?

"मी कशाला बंद करू? पास्कूनं डोकं वाकवलं, मी क्रूस काढला."

क्रूस काढताना तिचा अंगठा पडद्यावरच्या कपाळावरून सरळ खाली, लाल बटणापर्यंत गेला होता! पलीकडं दादा हसायला लागला आणि हसता हसता रडला. माझेही डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी मी मायला म्हटलं, क्रूस जरा हवेत काढ. ती म्हणाली, "हवेला कपाळ असतं काय?" झालं! रोज फोन नेमका तिथंच तुटायचा. लेक सांगते, पडदा काळा झाला की बाबा म्हणायचे, "पोचला," आणि खुशाल झोपायचे. त्यांनी समुद्र पाहिला, नातवाला न्हाऊ घातलं. तिकडच्या केळ्यांना दिसायला रूप, चव मात्र नाय, असा निकालही देऊन टाकला.

ते परतले तेव्हा माय ओटीवर लसूण सोलत होती. "एवढ्यात आलास?" म्हणाली.

यंदा लेकीनं पुन्हा बोलावलंय. या खेपेला मायलाही न्यायचं दादाच्या मनात होतं. मायनं साफ नकार दिला. "मी पन तिकडं आले, तर इकडनं क्रूस कोन काढनार?"

दादानं लेकीला फोन लावला आणि सांगितलं, "आमचं दोघांचंच तिकीट काढ."