गिऱ्हाइकाची दाढी आणि उमेदवाराचा डबा

आमचे बाबा निवडणूक हरले, हे आधीच सांगून टाकते. उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण त्या नादात ते आपलं सर्वांत जुनं माणूस गमावून बसणार होते, ती गोष्ट सांगायची आहे.

बाबांचं केस कापायचं दुकान. दोन खुर्च्या, एक आरसा आणि जगातल्या यच्चयावत विषयांवर बाबांचं मत. गल्लीतल्या नळांना पाणी येईना, तेव्हा गिऱ्हाइकांनीच त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "तुम्हीच उभे राहा!" बाबा चढले. लगेच ठेकेदार हजर. पत्रकं, गाड्या, सगळा खर्च माझा, म्हणाला. पाइप टाकायचं काम त्याचंच होतं. बाबांनी हात जोडले.

"ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. मग पाण्याचं कोण बोलणार?"

ठेकेदाराने मग आपला माणूस उभा केला, आणि बाबांनी आरशासमोर निवडणुकीच्या वर्गणीचा डबा ठेवला. एका दाढीच्या पैशांहून जास्त कुणी टाकायचे नाहीत, असा नियम. डबा भरू लागला, तशी बाबांची छाती फुगू लागली.

फक्त पोस्टमनकाका यायचे बंद झाले. नोकरीतून कधीच निवृत्त झालेले, दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक. दाढी एक दिवसाआड, वाद मात्र रोज.

"ठेकेदाराला फितूर झाला म्हातारा," बाबा म्हणाले. म्हणाले खरं, पण त्या दिवशी धड जेवले नाहीत.

मग एका सकाळी भाजीवालीपाशी काका दिसले. गालभर पांढरी दाढी. बाबा घरी येऊन मटकन खाली बसले.

"अगं, ते दुसऱ्या कुणाकडेही गेले नाहीत. मग माझ्याकडे का नाही आले?"

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "पेन्शन ती केवढी त्यांची! दाढीचे देतील की डब्यात टाकतील? आणि गळ्यावर वस्तरा असताना डब्याला नाही म्हणायची कुणाची छाती आहे?"

बाबा उठले. मग दुकानात गेले आणि डबा आणून आईपुढे ठेवला. "दुकानात मागणं बंद. वाटेल तो घरी येऊन देईल."

"निम्माही भरणार नाही."

"न भरो."

वस्तरा, ब्रश, साबण घेऊन ते निघाले. मी टॉवेल घेऊन मागे.

काकांनी दार अर्धंच उघडलं. "हे बघ, डब्यात टाकायला माझ्याकडे काही नाही."

"डबा काढला मी."

"आणि मत कुणाला देणार, तेही सांगणार नाही."

"नका सांगू. ठेकेदाराच्या माणसाला द्या हवं तर. पण दाढीला माझ्याकडेच यायचं." बाबांनी ब्रश पुढे धरला. मला त्यांची इतकी माया आली, की मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

काकांनी दार पूर्ण उघडलं. खुर्ची उजेडात ओढली, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि मान मागे टाकून डोळे मिटले.