मांजरीचा नेम

बेदाण्याच्या गोदामात दुपारी सोनेरी धुकं असतं. पत्र्याच्या फटींतून ऊन खाली उतरतं, धूळ त्यात तरंगत राहते, आणि गोड, आंबूस वासानं डोळे आपोआप मिटतात. त्या उन्हात, रिकाम्या खोक्यांवर, आमची पांढरी मांजर झोपलेली असायची. भाव करताना माझा आवाज चढला की तिचा एक कान हलायचा. बस्स, तेवढंच.

वाटणीत बाजारातलं दुकान थोरल्या भावाकडं गेलं. ते मी उभं केलं होतं, हे सगळी सांगली जाणते आणि कुणी बोलत नाही. माझ्या वाट्याला गावाबाहेरचं हे गोदाम आलं, आणि त्यात ही मांजर.

आम्ही जैन. घरात अंडंसुद्धा येत नाही. गोदामातले उंदीर पिंजऱ्यात धरायचे आणि कॅनॉलपलीकडं सोडून यायचे, ही आमची रीत. मांजर पिल्लू असल्यापासून दूधभाकरीवर वाढली, उंदरांकडं बघतही नसे. मी गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचो, आमच्यात मांजरसुद्धा नेम पाळते. भावाच्या ते कानावर गेलं. एका लग्नात, भर पंगतीत म्हणाला, "मांजराला दीक्षा दिलीस व्हय रं? आता मुनींच्या हातातली मोरपिसांची पिंछी तेवढी दे तिला." पंगत हसली. मी भरल्या ताटावरून उठलो.

मग तिची उडी चुकू लागली. खोक्यावर चढताना कडेला आपटायची. मला वाटलं, दुधातच खोट आहे. गवळ्याशी कडाकडा भांडलो, नवा गवळी लावला, देशी गाईचं दूध आणलं, भाकरीवर तूप घातलं. माल अव्वल होता. तरी ती भिंतीला अंग घासत, वास घेत चालायची, जणू सगळं गोदाम पाण्याखाली गेलंय आणि ती तळाशी वाट शोधतेय.

सांगलीतल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. "मामा, हिला मांस लागतं. त्यात एक द्रव्य असतं, ते मांजराच्या अंगात पुरेसं तयार होत नाही. ते मिळालं नाही की डोळे जातात. गेलेली नजर आता यायची नाही. उरलेली टिकवता येईल."

"अंड्यावर भागंल?"

"नाही."

"मग पनीर घालतो, हवं तर जास्त."

"मामा, यात मी कमीजास्त करू शकत नाही. हा भाव मी ठरवलेला नाही."

समोरचा तसूभर खाली येत नाही म्हटल्यावर मी उठून चालू लागतो. त्या दिवशी मांजर मांडीवर होती, उठता येईना.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नेम आपण घेतला. तिनं कवा घेतला?" आणि उठता उठता, "स्वयंपाकघरात मात्र न्हाई. वाटी वेगळी, आणि हात धुऊन आत यायचं."

पाळीव जनावरांच्या खाऊच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पुढं केलेला खाऊ लाल, हिरवा, पिवळा होता. "हाच लय खपतोय, अण्णा."

"मांजराला रंग कशाला लागतोय? इकत घेणारा माणूस हाय म्हणून?"

रंगानं माल कसा विकतात, हे बेदाणेवाल्याला शिकवायचं कारण नाही. दाणे पाण्यात टाकायला लावले. पाणी लाल झालं. पाकिटावर पहिलं नाव मक्याचं होतं. जे सगळ्यात जास्त, त्याचं नाव आधी, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. शेवटी एक मळकट तपकिरी खाऊ निघाला, पहिलं नाव कोंबडीचं, पुढं त्या द्रव्याचंही. ते नाव मी बोट ठेवून दोनदा वाचलं. आणि घासाघीस न करता बाहेर पडलो.

आम्ही सूर्यास्ताआधी जेवतो. तिलाही त्याच वेळेला घालतो. एवढी एकच अट मी पदरात पाडून घेतली. घराच्या मागच्या ओट्यावर नाकाला रुमाल लावून दाणे ओततो. पहिल्या दिवशी वाटी कधी रिकामी झाली कळलंच नाही.

काल संध्याकाळी हळदीच्या रानावरून वारा आला आणि दोरीवरचा पंचा हलला. खाता खाता तिनं मान वर केली. पंचा डावीकडं गेला, तिचे डोळे डावीकडं गेले. उजवीकडं आला, डोळे उजवीकडं. ऊन उतरत होतं, पंचा हलत होता, आणि ती बघत होती.