पत्र्याच्या खोलीतली दुपारची झोप

गेल्या मंगळवारी सुरतच्या भेस्तान भागात एका घरात मी दोन तास नुसती बसून होते... आणि हातात येत असलेली ऑर्डर घालवून आले.

मी छताखाली लावायचे बोर्ड बनवते. चलथाणजवळ छोटीशी शेड आहे. कापड मार्केटमधून निघणारी कतरण, उसाच्या चिपाडाची राख आणि चुना कालवायचा, साच्यात दाबायचा, सावलीत वाळवायचा. भट्टी नाही, सिमेंट नाही. पत्र्याखाली थोडी फट ठेवून हा बोर्ड बसवला की उन्हाची धग खाली उतरत नाही.

सांगायला सोपं आहे. पहिल्या पावसाळ्यात अख्ख्या लॉटला बुरशी आली होती. पुढच्या उन्हाळ्यात बोर्ड तडकले. चुन्याने हातांची सालं निघाली ती वेगळीच...

भेस्तानचं ते घर एका लूम कामगाराचं. आमच्याच खानदेशातला, शिरपूरकडचा. त्याच्या खोलीला आदल्या आठवड्यात बोर्ड बसवले होते.

त्या मंगळवारी सकाळी एका बिल्डरचा फोन आला. त्याला मजुरांच्या खोल्यांसाठी बोर्ड हवे होते, पण आधी राहत्या घरातलं दुपारी एक ते चारचं तापमान हवं होतं, दर अर्ध्या तासाचं. संध्याकाळपर्यंत. मी मीटर घेऊन धावत भेस्तान गाठलं.

मीटर छताजवळ टांगला. खोली एवढीशी, की मीटर खाटेच्या वरच आला आणि आकडा वाचायला त्या खाटेवरच चढावं लागायचं. एकचं रीडिंग घेतलं, दीडचं घेतलं. मग कामगाराची म्हातारी आई खाटेवर जरा टेकली... आणि तिला झोप लागली.

दोन वाजले. चढू का, असं मी सुनेला खुणेनेच विचारलं. ती हळूच म्हणाली, "ताई, राहू द्या ना. मी लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाईंना उन्हाळ्यात दुपारचं झोपलेलं पाहिलं नाही."

मी खाली बसले. दोनचं रीडिंग गेलं. अडीचचं गेलं... म्हातारीचं तोंड किंचित उघडं होतं आणि पदर डोक्यावरून सरकला होता. मी तिच्याकडेच बघत राहिले.

माझी आई अशी कधी झोपली नाही.

आमची खोली सुरतेतच, पर्वत पाटियाच्या पुढे होती, पत्र्याचीच. दादा, म्हणजे माझे वडील, रात्रपाळीला असले की दिवसा ओली चादर अंगावर घेऊन पडायचे. थकून त्यांना कशीबशी झोप लागायची. आई मात्र जेवणं उरकली की साडीला टिकल्या चिकटवायचं काम पिशवीत घालायची आणि समोरच्या पक्क्या बिल्डिंगच्या जिन्यात जाऊन बसायची. कुणी उठवलं की दुसऱ्या जिन्यात. ऊन उतरेपर्यंत तिचं हेच.

शाळेतून आले की मी तिला जिन्याजिन्यातून शोधायचे. एकदा ती भिंतीला डोकं टेकून पेंगत होती. मला बघून एकदम ताठ बसली... जणू चोरी पकडली गेली होती.

आई जाऊन चार वर्षं झाली. बोर्ड नीट जमायला लागला तो त्यानंतर. दादा गावी परतले. सुरतला या म्हटलं की उन्हाळ्याचं कारण सांगतात. आईशिवाय सुरत नको वाटते, हे खरं कारण दोघांनाही माहीत आहे.

चारच्या सुमाराला म्हातारी दचकून उठली. बाहेरचं ऊन कलल्याचं तिच्या लक्षात आलं आणि ती ओशाळली. "बाई व! माले कोनी उठाडं कसं नही?" सून हसली. मलाही हसू आलं.

बिल्डरला दोनच आकडे पाठवले आणि एक दिवस मागितला. त्याने फोन केला, "बेन, डेटा वगर हुं शुं करुं?" दुसऱ्या दिवशी ऑर्डर दुसऱ्या कुणाला गेली. आकड्यांशिवाय तो तरी काय करणार, त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वाईट वाटलं, खूप वाटलं. शेडवरच्या दोघी बायका माझ्या आशेवर आहेत, त्यांना सांगताना तर जास्तच.

मग दादांना फोन लावला. ऑर्डर गेल्याचं सांगायला लावला होता, पण सांगत बसले म्हातारीचंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कितला टाईम जपनी ती?"

"दोन तास तरी झोपली असेल."

मग त्यांनी विचारलं, "आपली जुनी खोलीमा आते कोन ऱ्हास व?"

मला माहीत नव्हतं. आई गेल्यापासून त्या गल्लीत माझा पाय पडला नव्हता. "जाईसन देख," दादा म्हणाले, "आनि त्यासले बोर्ड बसाडी दे."

रविवारी गेले. तिथे परभणीकडचं एक कुटुंब राहतं. नवरा बांधकामावर, बायको घरी साड्यांना लेस लावते. मी बोर्ड बनवते, ही खोली आमच्या ओळखीची, एवढंच सांगितलं. तिने पाणी दिलं आणि खुशाल घर मोजू दिलं.

मी टेप उलगडताना तिने विचारलं, "ताई, तुमचं कोण राहायचं इथं?"

"आम्ही सगळेच," मी म्हटलं. टेपचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं.

येत्या बुधवारी तिथे बोर्ड बसतील. दादा बघायला येतो म्हणालेत, भर उन्हाळ्यात. सकाळच्या गाडीने येतील, मी उधना स्टेशनवर आणायला जाणार आहे.

आई होती तेव्हापासून मनात मात्र एकच होतं... बोर्ड जमला की आई-दादा दोघांना बोर्डाखालच्या खोलीत आणायचं.