घशात अडकलेला काटा

कढईत मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल तापलं, की त्याच्या उग्र वासासरशी मला मुलगा बघायला आला तो उन्हाळा आठवतो. पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट असेल. नागभीडकडच्या आमच्या गावची बोडी, म्हणजे लहानसं तळं, आटत आली होती, त्यामुळे मासे भरपूर मिळत. आईने लहान मासे राखेने घासून स्वच्छ धुतले आणि भाजलेल्या जवसाची पूड व चिंचेचा कोळ घालून याच तेलात त्यांचा दाट रस्सा केला. पाहुणे कापसाच्या मुलखातले, त्यांना माशांची फारशी सवय नव्हती. ओसरीत पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या आणि मी वाढत होते. दुसऱ्याच घासाला मुलाच्या घशात काटा अडकला. त्याचे वडील चिडले, "असे काट्याचे मासे काऊन केले पाहुण्याईले?" आई दारातच अवघडून उभी राहिली. मी त्याच्या पानात कोऱ्या भाताचा गोळा ठेवला आणि म्हटलं, "चावू नका, तसाच गिळा." त्याने गिळला, डोळे पुसले आणि वडिलांना म्हणाला, "रस्सा चांगला हाये, बाबा. मलेच काटे काढता नाई येत." मग त्याने आणखी रस्सा मागून घेतला. पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, "बुढ्याची जबान लय कडू हाये. नाई सांगू काय?" मी म्हटलं, "मले पोरासंग राहाचं हाये." सासरे पुढे पुष्कळ वर्षं जगले आणि माझ्या स्वयंपाकाला रोज नावं ठेवत जेवले. त्या उत्तराचा पस्तावा मात्र मला कधी झाला नाही.