पालखी बंदोबस्ताचं प्रमाणपत्र

आमच्या पोलीस मुख्यालयात सगुणा कुळ्ये हे नाव सरळ कुणी घेत नाही. शिपाई त्यांना मॅडम म्हणतात, वरचे साहेब कुळ्येबाई म्हणतात, आणि मी सगुणाताई म्हणते, कारण त्यांच्या डब्यातली सुकटीची चटणी इतकी वर्षं निम्मी मीच खात आले आहे. मी तिथं प्रशिक्षण शाखेत लिपिक. साहेब लोक जे बोलतात ते कागदावर नीट मराठीत आणणं हे माझं काम, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही.

सगुणाताई सहायक फौजदार. अंगानं ठेंगण्या, आवाजानं नव्हे. मारुती मंदिराच्या चौकात त्यांनी हाक मारली की सगळे रिक्षावाले आधी थांबतात आणि मग कुणाला बोलावलं ते विचारतात. दर शिमग्याला ह्या बाईंना आमच्याकडच्या सगळ्यात भांडकुदळ गावात पाठवायचं, असं ठरूनच गेलं होतं. गावाचं नाव मी घेत नाही, उगाच आणखी एक भांडण नको. तिथं दोन भावक्या आहेत. देवळापुढच्या चौथऱ्यावरून, म्हणजे सहाणेवरून, पालखी उठवताना पहिला खांदा कुणाचा, यावरून तिथं डोकी फुटायची वेळ येते. सगुणाताई गावात शिरतात, बूट काढतात आणि स्वतःची पाण्याची बाटली घेऊन सहाणेच्या पायरीवर बसतात. चहा दोन्हीकडचा नाकारतात, कारण एका घरचा घेतला की दुसरं घर त्या दिवसापुरतं फिरलंच. मग दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना म्हणतात, "जरा हितं बसा बाबा माज्याजवळ, गुडघे दुखतायत माजे." म्हातारे शेजारी टेकले की पोरांचाही जोर ओसरतो. गुडघे अजिबात दुखत नसतात.

या हुशारीची शिक्षा अशी की नोकरीला लागल्यापासून त्यांना स्वतःच्या गावचा शिमगा मिळालेला नाही. सासर संगमेश्वर तालुक्यात, पार आत. तिथं ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, वर्षातून एकदा दारात येते, आणि घरातली बाई देवीची ओटी भरते. कुळ्यांच्या दारात ओटी भरायच्या त्या सासूबाई. यंदा मात्र सगुणाताई आणि त्यांचे यजमान विठूभाऊ, जे एसटीत ड्रायव्हर आहेत, यांनी गावात नवं चिरेबंदी घर बांधलं होतं. सुट्टीचा दिवस मिळाला की दोघं तिथं चिऱ्यांवर पाणी मारत उभे. त्या नव्या दारात देवी पहिल्यांदाच येणार होती. सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी शेजारीच बसले होते. त्यांचा आवाज फोनबाहेरही ऐकू येतो.

"आगो, ह्या वर्साला वटी तू भरायचीस. घर तुज्या कष्टाचं हाय. मी नाय हात लावायची."

फोन ठेवून सगुणाताई म्हणाल्या, "श्रद्धा, मला यंदा घरी जायचंच आहे गो. आजवर कधी मागितलं नाही मी. यंदा मागणार."

आणि त्या मागायला गेल्या. आमचे पोलीस अधीक्षक विदर्भातले, वयानं तरुण, बोलायला मऊ; पण त्यांचा प्रश्न मऊ नसतो. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "तुम्ही घरी गेलात तर त्या गावात कोण जाणार?"

"कुणालाही पाठवा सर."

"कुणालाही जमतं का ते?"

सगुणाताईंना खोटं बोलवेना. "नाही सर. कुणी शिकवलेलंच नाही."

"मग शिकवा," साहेब म्हणाले. "गाडी चालवायला आपण लायसन्स मागतो. बंदुकीसाठी नेमबाजीची चाचणी घेतो. आणि पालखीच्या गर्दीत मात्र जो हाताशी येईल त्याला उभा करतो. काय यायला हवं ते ठरवा, परीक्षा घ्या, प्रमाणपत्र द्या. पुरेसे लोक पास झाले की तुमची सुट्टी मंजूर."

सगुणाताई उड्या मारतच बाहेर आल्या, म्हणजे त्या वयाला आणि वर्दीला शोभतील तेवढ्या. पुढचे दिवस त्या सांगत होत्या आणि मी टाईप करत होते. बूट कुठं काढायचे, पाणी कुणाचं प्यायचं, आधी ढोल थांबवायचा की आधी माणसं, मानकऱ्याला नावानं हाक मारायची की आडनावानं. "गुडघे दुखतायत म्हणून सांगावे" हे मी सरकारी भाषेत कसं बसवलं ते मलाच माहीत. शेवटचं कलम त्यांनी उभं राहून सांगितलं, इतका त्यांना त्याचा अभिमान होता: प्रमाणपत्र नसलेल्या अंमलदारास पालखी बंदोबस्त देण्यात येणार नाही.

वर्ग छान झाले. पोरं माना डोलवायची, प्रश्न विचारायची. मग लेखी परीक्षा झाली आणि सबंध वर्ग धाडकन आपटला. पास झाले दोघंच, एक सोलापूरचा आणि एक बीडचा.

उत्तरं वाचून मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं. "दोन्ही घरचा चहा दोनदा घेईन, म्हणजे कुणी नाराज होणार नाही." "पालखीस उशीर झाल्यास ती पुढील वर्षी काढण्याच्या सूचना देईन." आणि अजिंक्य नावाच्या शिपायानं, मानावरून वाद झाल्यास काय कराल, या प्रश्नाला सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "पालखी मुद्देमाल म्हणून ताब्यात घेऊन पोलीस ठाण्यात जमा करीन."

सगुणाताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी अजिंक्यला बोलावलं.

"तू राजापूरचा ना?"

"हो मॅडम."

"तुझ्या घरी पहिल्या खांद्याचा मान आहे, असं तूच मला सांगितलं होतंस."

"हो मॅडम. आजोबांपासून."

"आणि तू पालखी कोठडीत टाकणार?"

अजिंक्य बुटांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, ते शेवटचं कलम आहे ना तुमचं. जो नापास, त्याला बंदोबस्त नाही. आणि बंदोबस्त नाही म्हणजे शिमग्याला घरी जायला मोकळा."

कोकणातल्या पोरांनी नापास व्हावं म्हणून सगुणाताईंनी त्यांना अख्खा शिमगा बक्षीस दिला होता, आणि तेही स्वतः कोकणातल्या असून. बिचारे सोलापूरकर आणि बीडकर, त्यांना कुठं शिमग्याला घर गाठायचं होतं. ते भाबडेपणानं अभ्यास करून पास झाले.

त्या दिवशी सगुणाताईंनी डबा उघडला नाही. मला खरंच वाईट वाटलं. पोरं घरी जाणार आणि बाई पुन्हा त्या पायरीवर बसणार, असा सगळा उलटा कारभार झाला होता. मी म्हटलं, "कलम खोडून टाकू या. मला काय, एक ओळ काढायची."

"खोडून काय होणार? मग कुणालाही पाठवतील, आहेच तसं." त्या जरा वेळ बोटांनी टेबल वाजवत बसल्या. "लेखी झालं. प्रात्यक्षिक राहिलंय. कागदावर सोंग करतात लेकाचे. मैदानावर करून दाखवू देत."

मैदानावर त्यांनी पालखी तयार करवली. खरी कशी आणणार? स्टोअरमधलं मोडकं टेबल उलटं केलं आणि पायांना दोन लांब बांबू बांधले. देवीची थट्टा नको म्हणून आत नारळ नाही, फूल नाही. बसवला वाहतूक शाखेचा लाल शंकू. पोलीस लाईनीतून ढोल आणि ताशा आला. साहेब खुर्ची टाकून गुणपत्रिका घेऊन बसले. अर्धी पोरं गावकरी झाली, अर्धी पोलीस. सगळ्यांनी इथंही नापास व्हायचं आधीच ठरवलेलं दिसत होतं, कारण सगळे खांबासारखे उभे होते.

"चालू करा," सगुणाताई म्हणाल्या.

ढोल वाजला. ताशा वाजला. चौघांनी टेबल खांद्यावर घेतलं, मुद्दाम वेडंवाकडं. पहिल्यांदा अजिंक्यचा पाय हलला. मग मागच्याचा. मागचा तोल सावरायला पुढच्यानं खांदा दिला, आणि बघता बघता ते मोडकं टेबल असं काही नाचायला लागलं की आतला शंकू टुणटुण उडायला लागला. सोंग कुठल्या कुठं गेलं. गुहागरकडची पोरं पुढं सरसावली, आता खांदा आम्हाला द्या म्हणून. राजापूरकडची म्हणाली, अजून आमची फेरी पुरी झाली नाही. कुणीतरी म्हणालं, तुमच्यात पालखी नाचवतात की धान्य पाखडतात. त्यावर जे सुरू झालं ते नाटक नव्हतं. एका उलट्या टेबलाच्या मानावरून आमचे वर्दीतले पोलीस एकमेकांच्या छातीला छाती लावून उभे होते. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. सगुणाताईंनी त्यांना हातानंच थांबा म्हटलं.

पोलिसांच्या बाजूला आरोही होती. लेखी परीक्षेत चहा दोनदा पिणारी ती हीच. तिनं बूट काढले. ताशेवाल्याच्या हातावर हात ठेवला, ताशा थांबला, मग ढोल. दोन्हीकडच्या वयानं मोठ्या दोन हवालदारांना आडनावानं हाक मारली आणि म्हणाली, "जरा बसा हो माझ्याजवळ. गुडघे दुखतायत माझे." वय तिचं पंचविशीच्या आतलं. पण ते दोघं बसले. बाकीचे पोलीस आपोआप दोन्ही गटांच्या मध्ये आले, शिकवलं होतं तसेच, कुणाला हात न लावता. टेबल खाली टेकलं. भांडण मिटलं.

गट बदलून पुन्हा केलं, तरी तेच. साहेबांनी गुणपत्रिका भरली आणि जाहीर केलं, "सगळे पास." टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मैदानभर चेहरे पडले, कारण शिमगा गेला होता.

"पास झाल्याचं एवढं दुःख मी पहिल्यांदा बघतोय," साहेब म्हणाले.

तेव्हा आरोही पुढं झाली. बूट अजून हातातच होते. "सर, बोलू का? प्रत्येक गावात पालखी वेगळ्या दिवशी फिरते. आता आम्ही इतके जण तयार आहोत, तर ज्याच्या दारात ज्या दिवशी पालखी, त्याला तेवढा दिवस सोडता येईल. बाकीचे सांभाळतील. आणि सर, पहिली सुट्टी कुळ्ये मॅडमना. आम्हाला ठाऊक होतं त्यांच्या नव्या घराचं. ठाऊक असून आम्ही तसं लिहिलं."

सगुणाताईंनी नाक ओढलं आणि रुमाल काढला. ऊन लागलं म्हणाल्या. साहेबांनी मला हाक मारून शेवटचं कलम तिथंच बदलायला लावलं, ज्याच्या दारात पालखी त्याला त्या दिवशी सुट्टी असं, आणि त्या वर्षी मी आनंदानं टाईप केलेलं तेवढं एकच कलम.

सगुणाताई मलाही गावी घेऊन गेल्या. हिरवं लुगडं, नाकात नथ, हातात ओटीचं ताट. वर्दीशिवाय मी त्यांना ओळखलंच नसतं. वाडीच्या वळणावर ढोल ऐकू आला. पालखी अंगणात शिरली, मागून सगळं गाव. विठूभाऊंनी खांदा दिला होता. आणि सगुणाताई चटकन वळल्या, पालखीकडे पाठ करून ताठ उभ्या राहिल्या, आणि गर्दीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवायला लागल्या. बंदोबस्तावरचा पोलीस असाच उभा राहतो. देव मागं, माणसं समोर. इतकी वर्षं इतक्या पालख्यांजवळ ही बाई उभी राहिली, ती अशी पाठ करून. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

सासूबाई आल्या आणि त्यांनी सुनेला दोन्ही खांद्यांना धरून वळवलं. "आगो बायो, हिकडं बग. देवी हिकडं हाय."

ताट तसंच हातात राहिलं. ढोल थांबला. सगळे वाट बघत होते. शेवटी गुरव हळूच म्हणाले, "वयनी, वटी भरताय ना?"

"भरते," सगुणाताई म्हणाल्या. "थांबा जरा. आधी बघू दे मला."