पत्र्यावरची टिचकी

नेकनूरला आमच्या शेजारी पत्र्याचं काम करणारा एक जण आहे. टिचकी मारून आवाज ऐकल्याशिवाय तो पत्र्याला कात्री लावत नाही. उसाच्या गाडीला जाड काळा पत्रा, पाण्याच्या टाकीला जस्ताचा. यंदा पावसाअभावी ऊसच नाही, सहकारी साखर कारखाना थंड. गाड्यांचं काम गेलं, टाक्यांचं वाढलं. टाक्या घरोघर गेल्या तरी याला चैन नाही. येता-जाता प्रत्येकीवर टिचकी.

“कामून वाजवतो रे सारखं?” मी वैतागलो.

“भरली की वाजत न्हाई. तेच ऐकायचंय.”

काल आमच्या गल्लीत टँकर आला. आमच्या भरल्या टाकीवर त्यानं टिचकी मारली. आवाज बद्द आला. तो तिला टेकून खाली बसला, पण क्षणभरच. लगेच उठून पलीकडच्या गल्लीत शिरला.

तिकडून ठण्ण, ठण्ण ऐकू येत राहिलं.