गच्चीवरचा दोर

हिंजवडीला कंपनीची बस अडकली की हलायचं नाव घ्यायची नाही. अशाच एका संध्याकाळी शेजारच्या सहकाऱ्यानं विचारलं, "खडकवासल्याला शिडाच्या होड्यांची शर्यत आहे. जोडीला येतेस?" मी लगेच हुरळले. नंतर कळलं, पठ्ठ्याला माझं वजन हवं होतं! तो काडीपैलवान. सुकाणू त्यानं धरायचं, आणि होडी कलायला लागली की मी कमरेला पट्टा बांधून, डोलकाठीच्या तारेला लटकून, होडीबाहेर आडवं व्हायचं.

घरी विश्रांतवाडीला बाबांना सांगितलं. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, पण झोंबणारं.

"कॅटमरान म्हणजे काय?"

"दोन अरुंद होड्या शेजारीशेजारी, मध्ये ताणलेली जाळी."

"बुडायला एक पुरत नाही का?"

वजनाचं कळल्यावर मात्र खूश. "चला, इतकी वर्षं खाऊ घातलेलं कामी आलं."

धरणावर जाणं फक्त रविवारी, म्हणून एरवी सराव गच्चीवर. पाण्याच्या टाकीच्या खांबाला दोराचा वळसा, एक टोक माझ्या पट्ट्याला, दुसरं बाबांच्या हातात. मी ओट्याच्या कडेला पाय रोवून मागे झुकायची.

"बाबा, सैल सोडा ना!"

"सोडतो." सोडतायत कसले! शेजारच्या गच्चीवरून काकूंनी विचारलं, "अहो, काय चाललंय?"

"मुलगी वाळत घालतोय," बाबा म्हणाले.

लहानपणी माझ्या एकाही स्नेहसंमेलनाला बाबांना रजा मिळाली नाही. आता त्यांना वेळ होता, तर माझं काम दाखवण्यासारखं नव्हतं. पोरगी दिवसभर पडद्याकडे बघत बसते, एवढंच त्यांना ठाऊक. तारेला लटकणं मात्र काठावरून दिसतं. ते त्यांनी बघावं, बस्स. नंबर गेला खड्ड्यात.

शर्यतीच्या दिवशी बाबा आले. टोपी, घडीची खुर्ची, आईनं दिलेला डबा, सगळा सरंजाम घेऊन. पहिल्या वळणानंतर वारा भरला, आमच्या जोडहोडीतली एक बाजू पाण्यातून उचलली गेली आणि मी बाहेर झेपावले. पाठीखालून पाणी सपासप पळत होतं. आई गं, काय मजा! मी काठाकडे पाहिलं. बाकी सगळे उभे राहून बघत होते. आमच्या बाबांनी खुर्ची उलटी फिरवली होती. पाण्याकडे पाठ, तोंड रस्त्याकडे.

पुढच्या फेरीतही पाठच. अशी तिडीक गेली डोक्यात! मान वळवून त्यांनाच बघत राहिले, शिडाची दोरी ओढायला उशीर झाला, आणि दोन होड्या आम्हाला मागे टाकून गेल्या. सहकाऱ्यानं कपाळावर हात मारला.

शर्यत संपल्यावर तशीच ओलीचिंब बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"कितवी आलीस?"

"शेवटून दुसरी."

"म्हणजे मागंही कुणीतरी होतं. छान."

"विषय बदलू नका. इतक्या लांब पाठ दाखवायला आलात? एकदा तरी बघायचं होतं ना!" माझा आवाज रडवेला झाला, त्याचा आणखी राग आला.

बाबांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. खुर्ची मिटायला गेले, ती मिटेना.

"गच्चीवर दोर माझ्या हातात होता गं," ते म्हणाले. "इथं कुणाच्या हातात होता?"